मच्छरदाणीतले पाहुणे

शनिवारी संध्याकाळी आण्णा उसाच्या पाल्याचा भारा घेऊन रिक्षातून उतरले, तेव्हा शाहूपुरीतल्या त्या गल्लीत कुणाची मानसुद्धा वळली नाही. कोल्हापुरात माणसाच्या काखेत उसाचा पाला दिसला, तर तो म्हशीसाठी असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात विचारण्यासारखं काय? फक्त आण्णांच्या घरी म्हैस नव्हती. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक न्हाणी, एक बायको आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी एक लग्न न केलेली मुलगी, एवढंच त्यांच्या घरी होतं.

"आण्णा, हे काय आणलंत?" क्रांतीनं दारातच विचारलं. वाचत असलेल्या पुस्तकात तिचं बोट तसंच होतं.

"पाहुणे," आण्णा हळूच म्हणाले. "दार आपटू नगंस. दमल्यात प्रवासानं."

आता पिराजी आण्णांविषयी थोडं सांगायला हवं. आण्णा शेती खात्यात टायपिस्ट होते. नोकरीभर त्यांनी मित्रकीड आणि शत्रुकीड यांच्याविषयीची परिपत्रकं टाईप केली. कुठली कीड कुणाला खाते, किती खाते, खाऊन झाल्यावर काय करते, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण त्यातली एकही कीड त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. टेबल सोडून शिवारात जायचं तर साहेबांची परवानगी लागायची, आणि टायपिस्टला शिवारात काय काम, असं साहेबांना वाटायचं. निवृत्त झाल्यावर आण्णांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर एक भिंग विकत घेतलं. ते सदऱ्याच्या खिशात असे. त्या भिंगातून त्यांनी तुळशीवरचा मावा पाहिला, दुधीवरचा ढालकिडा पाहिला, आणि एकदा बँकेतल्या रांगेत पुढच्या माणसाच्या मानेवर फिरणारं काहीतरी पाहून त्याला त्याचं नावही सांगितलं. त्या माणसाला ते आवडलं नाही.

पुढंपुढं त्यांनी माणसांचीही तीच वर्गवारी सुरू केली. गॅसचा नंबर लावून देणारा पोरगा मित्रकीड. खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाई आठवड्यातले काही दिवस मित्रकीड, काही दिवस शत्रुकीड. आणि क्रांती कसर. जुन्या पुस्तकात असते ती, चंदेरी, उजेड दिसला की पानात पळणारी.

"मी पुस्तकं खात नाही, वाचते," क्रांती म्हणायची.

"कसरबी तसंच म्हणत असंल."

त्या वर्षी उसावर लोकरी मावा आला होता. पानाच्या खालच्या बाजूला कुणी कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर. तो पानातला रस पिऊन टाकायचा, मग पान चिकट व्हायचं, काळं पडायचं. सगळा जिल्हा धास्तावला होता. उचगावात आण्णांचा पुतण्या बाबासो याच्या उसालाही तो लागला. बाबासो औषध मारायला निघाला होता. आण्णांनी त्याला अडवलं. या माव्याला खाणारी एक अळी असते, डिफा नावाची, असं आण्णांनी स्वतःच्या हातानं टाईप केलेलं होतं. औषध मारलं तर तीही मरते, हे पुढच्याच परिच्छेदात होतं. तेव्हा शिरोळच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात ती अळी आलीय असं कळल्यावर आण्णा थेट तिकडं गेले आणि अळ्यांसकट पाला घेऊन आले. रविवारी तो बाबासोच्या रानात बांधायचा होता.

तोपर्यंत पाहुण्यांनी राहायचं कुठं? आण्णांनी पाला बादलीत उभा केला, बादली न्हाणीत ठेवली आणि वरून घरातली एकुलती एक मच्छरदाणी सोडली.

"आणि आम्ही?" मीनाबाईंनी, म्हणजे क्रांतीच्या आईनं, विचारलं. "आम्हाला डास फोडून खाऊ देत?"

"एका रातीचा प्रश्न हाय."

"रोज सकाळी बुद्धवंदनेत म्हणता, जीवहत्या करणार नाही. आणि मावा मारायला किडं घेऊन येता?"

"मी कुठं मारतोय? ते जेवणार. कोण जेवाय बसलं तर त्यात माझी काय हत्या?"

"आणि डासाला चापट मारता ती?"

"ती चापट न्हाय," आण्णा म्हणाले. "ती सूचना हाय."

त्यानंतर ते एक पान आणि भिंग घेऊन क्रांतीच्या खुर्चीपाशी आले. "हे बघ. कापसाखाली असती ती. नुसत्या डोळ्यांनी घावत न्हाय. वारा नसताना कापूस हलला की समजायचं, आत पंगत बसलीया."

"नंतर बघते, आण्णा. प्रकरण संपू दे."

"उद्या येतीस काय उचगावला? तिथं दावतो."

"बघू."

आण्णांनी भिंग खिशात टाकलं. "कसर," ते म्हणाले आणि पाहुण्यांना पाणी शिंपडायला न्हाणीकडं गेले.

रविवारी सकाळी दाढीचं पाणी गॅसवर ठेवून आण्णा खुर्चीत बसले. पाणी उकळलं, आटायला लागलं, तरी ते उठले नाहीत.

*

माणूस गेल्यावर घरात शंभर लोक येतात आणि त्यातल्या प्रत्येकाला हातपाय धुवायचे असतात. ही गोष्ट क्रांतीनं वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती. न्हाणीत मच्छरदाणी होती. उचगावच्या चुलतीनं ती बाजूला सारली, तर मावसआत्यानं तिला ओरडून विचारलं की आत कोण आहे. कुणी म्हणालं, फिनेल ओता. कुणी म्हणालं, रॉकेल. आण्णांच्या ऑफिसातले एक निवृत्त हेडक्लार्क बराच वेळ बादलीकडं बघत उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "शेवटपर्यंत खात्याचं काम घरी आणलं बिचाऱ्यानं."

क्रांती रडली नाही. लोकांनी तिच्याकडं वारंवार पाहिलं, पाण्याचा तांब्या तयार ठेवला, दोघी-तिघी तिच्याजवळ सरकून बसल्या, तरी नाही. तिला एका जागी बसवेना, एवढंच झालं. ती उठायची, न्हाणीत जायची, मच्छरदाणी खोचायची, पाणी शिंपडायची, परत येऊन बसायची आणि पुन्हा उठायची. खुंटीला आण्णांचा सदरा होता. त्याच्या खिशात भिंगाचा गोल उमटून दिसत होता. सदऱ्याच्या बाजूनं मात्र ती जायची नाही; दोन खोल्यांच्या घरात हे किती अवघड असतं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्मशानातून परतताना बाबासो तिच्या शेजारून चालत होता. त्यानं घसा खाकरला. काकांच्या आठवणीनं त्याला काही बोलायचंय असं वाटून तिनं मान वळवली.

"आक्का," तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्या किड्यांचं काय करायचं?"

"आणते मी."

"तसं न्हवं. काकांनी थांब म्हणलं म्हणून थांबलो. पर मावा काय दुखवट्याला थांबत न्हाय की. शेजारच्याचा पंप बुधवारपतोर माझ्याकडं हाय. बुधवारी दुपारी मारतो औषध."

"बुधवारच्या आत आणते."

आपण असं का म्हणालो, हे तिला कळलं नाही. उसाची तिला फारशी ओळख नव्हती. रस आणि साखर या दोन टोकांमधलं काही तिनं कधी विचारात घेतलेलं नव्हतं. पण बादलीतले ते पाहुणे आण्णांच्या शब्दावर आले होते, आणि आण्णांचा शब्द असा अर्धवट न्हाणीत उभा राहिलेला तिला बघवेना.

मंगळवारी सकाळी बाहेरच्या खोलीत भन्ते आले होते, जलदान विधीचं ठरत होतं. क्रांती चहा देऊन न्हाणीत गेली. न्हाणी लखलखत होती. फरशी घासलेली, बादली पालथी, मच्छरदाणी धुऊन दोरीवर. फिनेलचा वास डोळ्यांत जात होता.

झुंबरबाई पदर खोचून उभ्या होत्या. मदत करण्यापासून त्यांना आजपर्यंत कुणी रोखू शकलेलं नव्हतं. "मी म्हणलं, माणसं यायलीत, न्हाणीची काय दशा झालीया. तू काय या दिवसांत लक्ष देणार? घेतली उरकून."

"पाला कुठाय?"

"वैरण व्हय? दिली की खाली. कृष्णाताच्या म्हशीला. वाळून चाललीती. मुक्या जनावराच्या मुखी पडली, तेवढंच आण्णांच्या नावानं पुण्य."

इथं झुंबरबाईंना दोष देता येणार नाही. हिरवा पाला दिसला आणि समोर म्हैस असली, तर कोल्हापूरच्या माणसाचा हात आपोआप चालतो. त्यात विचार येत नाही. आण्णा असते तर त्यांनी त्या दिवसापुरती झुंबरबाईंची वर्गवारी बदलली असती आणि विषय मिटला असता. पण क्रांती तोवर जिन्यात होती.

कृष्णात रोज सकाळी कोपऱ्यावर म्हैस उभी करून लोकांना समोर धार काढून द्यायचा. पाच-सहा गिऱ्हाइकं फेसाळ पेले घेऊन उभी होती. म्हैस डोळे मिटून खात होती. माव्याच्या चिकट्यानं पाला गोड लागत असावा. तिच्या तोंडातून लांब पानांचा एक झुबका बाहेर लोंबत होता. आयुष्यात मोठ्यानं हाकही न मारलेल्या, वाचकांना खुणेनं गप्प करणाऱ्या क्रांतीनं, अंगावर पांढरी साडी असताना, तो झुबका दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

म्हशीनं डोळे उघडले. तिनंही ओढला.

"ओ ताई! ओ! सोडा की!" कृष्णात दुधाचं माप टाकून उठला. "तिच्या तोंडातला घास हाय त्यो!"

"ही वैरण नाही."

"मग काय हाय?"

"मित्रकीड आहे," क्रांती धापा टाकत म्हणाली.

पेला तोंडाला लावलेला एक पैलवानी माणूस थांबला. "कीड? दुधात?"

"दुधात नाही," क्रांतीनं सांगितलं. चुकीची माहिती दुरुस्त करायची तिला सवयच होती. "म्हशीच्या पोटात."

पैलवानानं पेला कट्ट्यावर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. कृष्णात म्हशीच्या पोटाकडं बघायला लागला, जणू काही आतून कुणी दार वाजवणार होतं. "आयला, आता हिला काय व्हणार?"

"काही नाही होणार. ते उपयोगी किडे आहेत."

"उपयोगी हाईत तर मग वडता कशाला?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि म्हैस जिंकत चालली होती. शेवटी झुबका मध्येच तुटला. क्रांतीच्या हातात मूठभर पानं आली, लाळेनं भिजलेली. मागून कुणीतरी हळहळलं, "बापाच्या मागं डोक्यावर परिणाम झाला पोरीच्या."

ती वळली. कॉलेजचे प्राचार्य आणि ग्रंथालयातले सगळे सहकारी सांत्वनाला आले होते. ते गंभीर चेहऱ्यानं ओळीत उभे होते. प्राचार्यांच्या हातात पांढऱ्या फुलांचा हार होता, क्रांतीच्या हातात गळणारा पाला. क्षणभर कुणी कुणाला काय द्यायचं तेच ठरेना.

"या," क्रांती म्हणाली. "वर या. आई आहे."

*

मूठभर पानांत काही जिवंत आहे की नाही? भिंगातून पाहिलं की कळलं असतं. पण भिंग सदऱ्यात होतं, सदरा खुंटीवर होता. तेव्हा क्रांतीनं पानं आण्णांच्या जुन्या जेवणाच्या डब्यात घातली आणि शेती खात्याचं ऑफिस गाठलं. दुखवट्याच्या घरातून मुलगी डबा घेऊन बाहेर पडलेली पाहून मावसआत्या बरंच काही बोलली. मीनाबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे तिला. हितं बसून तरी ती काय करणार हाय?"

ऑफिसातले नवे साहेब भले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आण्णांविषयी चार चांगले शब्द काढले. मग डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"यात जिवंत काही आहे का, हे सांगायचं तर नमुना वर पाठवावा लागेल."

"किती दिवस लागतील?"

"ते वरच्यांवर आहे."

"मग मला नवीन अळ्या मिळतील का? उद्यापर्यंत?"

"मिळतात की. सातबारा जोडून अर्ज करायचा. रान कुणाचं?"

"चुलतभावाचं."

"मग अर्ज त्यांनी करायचा. हे किडे कुणाचे?"

"वडिलांचे."

"म्हणजे मयताचे." साहेब विचारात पडले. "वारसांची संमती घ्यावी लागेल बहुतेक. अशी केस आधी आली नाही." त्यांनी कपाटातून एक परिपत्रक काढून पुढं सरकवलं. "सगळं यात आहे. अगदी सविस्तर."

क्रांतीनं पाहिलं. अक्षरं आण्णांच्या मशीनची होती. 'क' थोडा वर उडालेला, जो नोकरीभर कुणी दुरुस्त करून दिला नाही. समास सरळ, एक खाडाखोड नाही. आण्णांचे किडे आण्णांच्याच स्वच्छ टायपिंगनं अडवून ठेवले होते. तिनं परिपत्रक नीट घडी घालून परत दिलं, नमस्कार केला आणि डबा उचलला.

बुधवारी जेवणं उरकल्यावर ती निघाली, तेव्हा मीनाबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. थंड, गोल.

"खिशातनं काढलं," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं हात लावावा वाटत हुता."

उचगावची बस खच्चून भरलेली होती. डब्यातल्यांना हवा लागावी म्हणून क्रांतीनं झाकण किलकिलं ठेवलं. वाचलेलं ज्ञान माणसाला कुठं दगा देईल सांगता येत नाही. हवा आत जाते तिथून आतलं बाहेरही येतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा पुढच्या सीटवरच्या फेटेवाल्या गृहस्थांच्या कॉलरवर एक बारीक, हिरवट अळी डौलात चढत होती.

क्रांती अर्धी उभी राहिली. जिवंत होती. म्हशीच्या तोंडातून, झुंबरबाईंच्या हातातून आणि खात्याच्या टेबलावरून सुटून आलेली, जिवंत.

"काका, हलू नका."

"का? काय हाय?" फेटेवाले हलले.

"हलू नका म्हणते ना! तुमच्या मानेवर अळी आहे."

"झटका की मग!"

"झटकायची नाही!" क्रांती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "अजिबात झटकायची नाही. ती आमची आहे."

अख्खी बस वळली. फेटेवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला.

"काय भानगड हाय ताई?"

"ती उपयोगी कीड आहे. उसावरचा मावा खाते."

"आं? लोकरी मावा?" मागून एक म्हातारा उठला. "खरंच खाती व्हय? मला दे की एक."

"मलाबी," आणखी कुणीतरी म्हणालं. "आमच्या उसाला बी लागलाय."

"पर माझ्या मानंवरची काढा आधी!" फेटेवाले कळवळून म्हणाले.

क्रांतीनं तिकिटाची कड पुढं केली. अळीनं बराच विचार केला. सगळी बस वाकून बघत होती. मग ती तिकिटावर चढली आणि डब्यात गेली. क्रांतीनं झाकण लावलं.

"उपयोगी हाय तर तिचं अर्धं तिकीट काढा की," कंडक्टर म्हणाला, आणि बस हसली. क्रांतीही हसली. रविवारपासून पहिल्यांदाच. मग तिला तो रविवार आठवला आणि ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

*

बाबासो पाठीवर पंप आणि नाकाला ओला रुमाल बांधून बांधावर उभा होता. तिला पाहून त्यानं रुमाल खाली ओढला.

"आलीस व्हय! आण, कुठाय भारा?"

क्रांतीनं डबा उघडला.

बाबासो डब्यात बघत राहिला. मग उसाकडं बघितलं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आतपर्यंत पांढरा. "आक्का, आगं एकर हाय ह्यो. आणि तू डब्यातनं कालवण आणल्यागत..."

"बाकीचं म्हशीनं खाल्लं."

"म्हशीनं?"

"नंतर सांगते. पण एक नक्की जिवंत आहे. बसमधून फिरून आलीय."

"एका अळीनं काय व्हणार?"

"वाढतात त्या. आण्णांनी सांगितलंय."

"काका टायपिस्ट हुते गं," बाबासो हळुवारपणे म्हणाला.

"हो," क्रांती म्हणाली. "आणि त्यांच्या कागदात कधी चूक निघाली नाही."

बाबासो काही वेळ पायानं ढेकूळ फोडत राहिला. मग त्यानं पट्टे सोडले आणि पंप खाली ठेवला. "थांबतो आठवडाभर. काकांच्यासाठी हां. त्या अळीसाठी न्हाय."

दोघांनी मिळून ती पानं दोऱ्यानं एका उसाला बांधली, जिथं कापूस सगळ्यात दाट होता तिथं. अळी पानावरून उतरली, पांढऱ्या थराच्या कडेला आली, तोंड खुपसलं आणि आत गेली. शेवटचा हिरवा ठिपका होता तोही गेला. बाबासो पंप परत द्यायला शेजारच्या वस्तीकडं निघाला. "चल की, चा घिऊन मग जा," तो लांबून ओरडला. "ये मागनं!"

क्रांती सरीत उभी राहिली. आता काम झालं होतं. आता कुठं धावायचं नव्हतं, कुणाच्या तोंडातून काही ओढायचं नव्हतं. तिनं पिशवीतून भिंग काढलं, पदरानं पुसलं आणि पान उलटं करून डोळा लावला.

कापूस. नुसता कापूस, जवळून आणखीच मोठा. वारा पडला होता. रानात एक पातंही हलत नव्हतं, आणि कापूसही हलत नव्हता. तिनं भिंग पुढं नेलं, मागं घेतलं. दुसरा डोळा लावला. हे किती अंतरावर धरायचं असतं? कुठल्या अंगानं उजेड घ्यायचा? शनिवारी ते खुर्चीपाशी उभे होते तेव्हा एवढंच विचारायचं होतं. तिनं सगळीकडं बोलायला उचललेली नीटस, छापील भाषा कुठंतरी गळून गेली.

"आण्णा," ती उसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मला दिसत न्हाय. दावा की."